बोरखेडीचं बिनरंगी पाणी

प्रवासाहून आलं की लोक विचारतात, "पाहण्यासारखं काय होतं?" काश्मीरला जाऊन आलेल्यांना याचं उत्तर देणं सोपं असतं. मी दुष्काळाच्या साली, ऐन एप्रिलात, नगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात बोरखेडी नावाच्या गावी एक खड्डा पाहायला गेले होते. खड्डा शेणाचा होता. तो दाखवायला मला घेऊन गेले ते डॉ. मोघे. ते माझ्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि इतर लोक परदेशी गेलेल्या मुलाविषयी जसं बोलतात तसं जंतूंविषयी बोलतात. मी रसायनशास्त्र शिकवते. मला कौतुक जरा कमीच जमतं.

मोघ्यांचं म्हणणं असं, की सूत रंगवणाऱ्या कारखान्यातून जे लाल-निळं पाणी बाहेर पडतं, त्यातला रंग जंतू खाऊन टाकतात. प्रयोगशाळेत त्यांनी हे करून दाखवलं होतं. कुंकवासारखी लाल बाटली दोन-तीन दिवसांत पाण्यासारखी झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. पुढे बोरखेडीच्या रंगाई सोसायटीने त्यांना खड्डा बांधून दिला आणि खड्ड्यातही ते साधलं. आता त्याचा समारंभ होता.

"बरोबर एखादं रसायनशास्त्राचं माणूस असलेलं बरं दिसतं," मोघे म्हणाले.

म्हणजे मी शोभेसाठी निघाले.

नगर ते शेवगाव

नगरच्या स्टँडसमोर चहा प्यायलो. हॉटेलवाल्याने पाण्याचे ग्लास अर्धेच भरून ठेवले. पुण्यात असं केलं असतं तर गिऱ्हाइकाने मालकाला दोन शब्द सुनावले असते. इथे कुणी काही बोललं नाही आणि ग्लासात थेंबही कुणी ठेवला नाही. माझ्याच ग्लासात तेवढं घोटभर उरलं होतं, ते पोऱ्याने उचलून कुंडीतल्या तुळशीला घातलं.

शेवगावची एस. टी. निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी फोडणारी माणसं दिसू लागली. दुष्काळी काम. बायका, म्हातारे, डोक्यावर पदर आणि फडकी घेऊन ओळीने बसलेले. माझ्या पुढच्या बाकावर पुण्याचेच एक गृहस्थ होते. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "चला, यानिमित्ताने यांना नियमित कामाची सवय लागेल." त्यांच्या मांडीवर द्राक्षांची करंडी होती आणि शेवगाव येईपर्यंत त्यांनी द्राक्षं खाण्यापलीकडे कसलंही काम केलं नाही. या भागातली निम्मी माणसं दरवर्षी दिवाळीनंतर गाड्या जुंपून साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि पहाटेपासून कोयता चालवतात, हे त्या गृहस्थांना सांगावंसं वाटलं. पण त्यांचं तोंड भरलेलं होतं.

शेवगावला सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब जीप घेऊन स्वतः आले होते. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. एवढ्या धुळीत माणूस इतका पांढरा कसा राहतो, याचं उत्तर गावात शिरल्यावर मिळालं. अख्ख्या पंचक्रोशीत पाणी असलेली एकच मोठी विहीर होती. ती आप्पासाहेबांच्या मळ्यात होती आणि रंगाईचा कारखाना त्या विहिरीला लागूनच उभा होता. जिथे माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे सूत धुवायचा कारखाना काढायला अक्कल पुरत नाही. त्याला तालुक्यात वजन लागतं.

"गावाला रोजगार पाहिजे का नको, म्याडम?" आप्पासाहेबांनी मी न विचारताच विचारलं.

खड्डा

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत तांब्याच्या आणि सिमेंटच्या कुंड्या, वर बांबूंवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. रंग चढवणारे नरसय्या मूळचे नगरचे, पद्मशाली विणकरांतले. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. नमस्कार केला तेव्हा वाटलं, हातमोजे घातलेत.

शेडमागे मोघ्यांचा खड्डा. आत गाईच्या शेणाची रबडी, ओढ्यातला काळा गाळ आणि साखर कारखान्यातली मळी घातलेली. हवा लागू नये म्हणून वर पत्रे आणि गोणपाटं. एका बाजूने कुंड्यांतलं लाल पाणी आत जायचं, तीन-चार दिवस मुरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. मोघ्यांनी पत्रा उचलला. जो वास आला त्याला सडक्या अंड्यांची उपमा देणं हा अंड्यांवर अन्याय होईल. मी मागे सरकले, माझा डावा पाय काठावरच्या गाळात गेला आणि चप्पल तिथेच राहिली. नरसय्यांनी बांबूने ती वर काढली. ती घालण्याच्या लायकीची उरली नव्हती. पुढचा सगळा प्रवास मी आप्पासाहेबांच्या बायकोच्या, म्हणजे चेअरमनबाईंच्या, वहाणांत केला.

पण बाहेर येणारं पाणी पाहून मी ग्लास मागितला. काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडचा नरसय्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. किंचित पिवळट झाक, बास. मोघे माझ्याकडे पाहत होते.

"बोला आता," ते म्हणाले.

"छान आहे," मी म्हणाले. खरंच छान होतं. जंतूंनी आपलं काम चोख केलं होतं.

तिथून ओढ्याच्या काठाने आम्ही खालच्या वस्तीकडे गेलो. कारखाना सुरू झाल्यापासून रंगाचं पाणी याच ओढ्यात सोडत होते आणि ते झिरपून वस्तीच्या विहिरीत उतरलं होतं. विहिरीवर गयाबाई भेटल्या. साठीच्या आसपासच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण, आवाज असा की बांधापलीकडच्या माणसाने वळून बघावं. त्यांनी पोहरा सोडून पाणी काढलं. जांभळट लाल.

"बघा आमची रंगपंचमी," त्या म्हणाल्या. "वस्तीवरच्या समद्या गड्यांची धोतरं गुलाबी झाल्याती. बघनाऱ्याला वाटतं, हितं रोजच लगीन हाय."

"मग पिता काय?"

"टँकर येतो दिसाआड. त्यो बी आता बंद व्हनार म्हनं. तुमच्या डाक्टरानं पानी सोच्छ केलंय, ते हिरीत सोडनार. हिरीतला रंग उपसून टाकायचा, हे पानी भरायचं. मग टँकर दुसऱ्या गावाला."

मी मोघ्यांकडे पाहिलं. ते क्षितिजाकडे पाहत होते. तिथे पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"प्यायला?" मी विचारलं. "हे पाणी प्यायला द्यायचं ठरलंय?"

"चेअरमनांचा उत्साह आहे. उकळून, औषध घालून…"

"रंग गेला म्हणजे काय गेलं, मोघे?"

"तुम्ही रसायनवाले भाषेचा कीस काढता," असं म्हणून ते परत निघाले. मी चेअरमनबाईंच्या वहाणा फरफटत त्यांच्या मागे.

पाहुणचार

दुपारी आप्पासाहेबांकडे जेवण झालं. मासवडी, तिच्याबरोबर झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, वर साजूक तूप. मासवडीत मासा नसतो हे पुण्यात अजून पुष्कळांना माहीत नाही. ती बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण गुंडाळून करतात आणि इतकी चांगली मी त्याआधी खाल्ली नव्हती. सकाळी विहिरीजवळच गयाबाईंच्या चुलीवर सरकारी मिलोच्या, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लालसर भाकऱ्या भाजत होत्या. तो वास अजून नाकात असल्यामुळे घास जरा अवघड गेला. तरी मी चार मासवड्या खाल्ल्या. माझाही तिरस्कार पोट भरेपर्यंत थांबतो.

आप्पासाहेब दुसऱ्या दिवशीच्या समारंभाचं सांगत होते. तालुक्याचे मोठे साहेब येणार. फोटोवाला येणार. "वस्तीवरच्या गयाबाईला पहिला ग्लास द्यायचा. माउलीच्या हातून उद्घाटन!"

"तुम्ही का नाही पीत?" मी विचारलं.

"म्याडम, मान गरिबाला द्यावा," आप्पासाहेब हात जोडून म्हणाले. चेअरमनबाईंनी माझ्या पानात आणखी एक मासवडी वाढली आणि नवऱ्याकडे न पाहता आत गेल्या.

नरसय्यांच्या कुंडीपाशी

माझी शंका साधी होती. सोसायटीत वापरायचे ते बरेचसे रंग म्हणजे दोन-तीन तुकड्यांची साखळी असते. मधला सांधा असेपर्यंत रंग दिसतो. हवा नसलेल्या जागी जंतू तो सांधा तोडतात आणि रंग जातो. पण साखळी तुटली म्हणून कड्या नाहीशा होत नाहीत. त्या पाण्यातच राहतात, आणि त्यांतल्या काही भलत्याच विषारी असतात. परदेशात रंगांच्या कारखान्यांत असल्या पदार्थांत हात घालणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचे कर्करोग झाले होते. हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि मुलं दरवर्षी जांभया देतात.

कड्या आहेत की नाहीत ते बघायला प्रयोगशाळा लागत नव्हती. त्याला लागतं ते सगळं सूत रंगवायच्या शेडमध्येच होतं. नरसय्या सूत आधी नॅप्थॉलच्या कुंडीत बुडवायचे, मग नायट्राइट आणि तेजाब घातलेल्या दुसऱ्या रसायनाच्या थंडगार कुंडीत, आणि सुतावर तिथल्या तिथे लाल रंग उमटायचा. ते दुसरं रसायन म्हणजे असलीच एक कडी; मला तिच्या जागी मोघ्यांचं स्वच्छ पाणी घालून बघायचं होतं. लाल उमटलं, तर कड्या पाण्यात आहेत. फक्त शेडमधला बर्फ संपला होता. समारंभाच्या दिवशी सकाळीच शेवगावहून साहेबांच्या सरबतासाठी भुशात गुंडाळलेली लादी आली. त्यातला मोठा तुकडा मी चेअरमनबाईंकडून मागून घेतला. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

मी दोन ग्लास घेतले. एकात खड्ड्यातून आलेलं पाणी कापडाने गाळून, दुसऱ्यात टँकरचं. दोन्ही बर्फात ठेवले. दोन्हींत तेजाब, मग नायट्राइट. नरसय्या पाठीशी उभे होते. मोघेही येऊन उभे राहिले. हाताची घडी, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव.

"हे कशासाठी चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं बरोबर असेल तर काहीच होणार नाही."

मी नॅप्थॉल ओतलं. टँकरच्या पाण्यात फिकट पिवळी झाक आली आणि तिथेच थांबली. दुसऱ्या ग्लासात नॅप्थॉलची धार जिथे पडली तिथून गर्द लाल ढग उठला. बघता बघता ग्लास काळपट लाल झाला आणि पलीकडचं दिसेनासं झालं.

"आयला," नरसय्या म्हणाले. "मेलेला परत आला की ओ!"

मोघे पुढे आले. त्यांनी ग्लास उचलला, उजेडात धरला. मग माझ्या हातून नायट्राइटची बाटली घेऊन त्यांनी स्वतः सगळं पुन्हा केलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा केलं. बर्फ संपला.

"तुम्ही माझा समारंभ नासवायला आलात," ते अखेर म्हणाले.

"तुम्ही मला शोभेला आणलंत. आता शोभा झाली."

"संध्याकाळी साहेब येणार आहेत. यावर मला पुढचं काम मिळणार आहे, कळतंय तुम्हाला? जिल्हाभर खड्डे होतील. नंतर दुरुस्त्या करता येतील."

"नंतर म्हणजे गयाबाईंनी किती वर्षं प्यायल्यावर?"

ते तडातडा निघून गेले. मी आप्पासाहेबांना गाठून लाल ग्लास दाखवला. त्यांनी तो लांबूनच पाहिला. "म्याडम, रंग तुमी घातला," ते अगदी शांतपणे म्हणाले. "आमच्या पान्यात न्हवता."

माणूस हुशार होता. त्याचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

समारंभ

शेडसमोर मांडव, सतरंज्या, लाउडस्पीकर. ऊन उतरू लागलं तशी माणसं जमली. खडीच्या कामावरून थेट आलेल्या बायका मांडवाच्या कडेला बसल्या, केसांत पांढरी भुकटी तशीच. हे गाव टँकरच्या एका खेपेवर जगत होतं आणि स्वागतासाठी मांडवापुढे सडा घातला होता. साहेब उशिरा आले. त्यांनी खड्ड्याकडे नाकाला रुमाल लावून पाहिलं आणि "अभिनव, अभिनव" असं दोनदा म्हणाले. हार झाले. मला एक गुलाबाचं फूल मिळालं. माझं नाव भाषणांच्या यादीत नव्हतं, ते घुसडण्याचा मी प्रयत्न केला तेव्हा सूत्रसंचालक मास्तरांनी "वेळेअभावी" हा शब्द वापरला. भाषणं व्हायची होती अजून सहा.

मोघे बोलायला उभे राहिले. मी त्यांची व्याख्यानं पंधरा वर्षं ऐकते आहे. एरवी ते माइकच्या दांड्याला मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा हात ठेवून बोलतात. आज दोन्ही हात पाठीमागे होते. त्यांनी जंतूंपासून सुरुवात केली. जंतू शेणात असतात, गाळात असतात, आपल्या पोटात असतात. ते रंगाचा रेणू कसा तोडतात. बाटलीत काय झालं, खड्ड्यात काय झालं. साहेब माना डोलवत होते. मग मोघ्यांची भाषा जड होऊ लागली. "तथापि विघटनोत्तर अवशिष्ट घटकांची संभाव्य विषाक्तता विचारात घेता, प्रस्तुत जल पेयजल या संज्ञेस अद्याप सर्वार्थाने…" मला कळलं की हा माणूस खरं बोलतोय आणि कुणाला कळणार नाही अशा बेताने बोलतोय. एवढी कारागिरी मी आजवर पाहिली नव्हती. संतापाने माझे कान तापले.

आप्पासाहेबांनाही नीट कळलं नसावं, किंवा पुरेसं कळलं असावं. त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि भाषण संपायच्या आत गयाबाईंना पुढे बोलावलं. ताटात ग्लास, ग्लासाशेजारी झेंडूचं फूल. फोटोवाला गुडघ्यावर बसला. गयाबाईंनी ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला, खाली घेतला आणि माइकपाशी अजून उभ्या असलेल्या मोघ्यांना विचारलं,

"डाक्टर, तुमी लई बोलला. मला त्यातलं काय बी समजलं न्हाई. हे प्यायचं का न्हाई?"

आप्पासाहेब हसत म्हणाले, "अगं, प्यायचं म्हनून तर दिलंय!"

"तुमास्नी न्हाई विचारलं."

मोघ्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग खाली सतरंजीकडे. मग गयाबाईंकडे.

"नाही," ते म्हणाले. लाउडस्पीकर चालू होता. ते ओढ्यापलीकडेसुद्धा ऐकू गेलं असणार. "पिऊ नका. कुणीच पिऊ नका. विहिरीतही सोडू नका."

"डॉक्टर!" आप्पासाहेब उठले. "पानी सोच्छ दिसतंय का न्हाई? ह्या समद्यांसमोर सांगा!"

"दिसतंय. तेच वाईट आहे. लाल होतं तेव्हा यांना कळत तरी होतं."

गयाबाईंनी ग्लास ताटात परत ठेवला. मागे वळून बायकांना म्हणाल्या, "चला गं." आणि साहेबांसमोर जाऊन, तितक्याच मोठ्या आवाजात, "टँकर बंद करू नका सायेब. डाक्टरच सांगतोय." साहेबांना पाचशे माणसांसमोर नाही म्हणता आलं नाही. ते "अवश्य, अवश्य" असं दोनदा म्हणाले, आणि सरबत न घेताच गेले.

परत

दुसऱ्या दिवशी जीप नादुरुस्त होती. अगदी सकाळीच ती दारासमोरून धूळ उडवत शेवगावकडे गेलेली आम्ही पाहिली, तरी नादुरुस्त होती. आप्पासाहेबांनी निरोप पाठवला की पुढच्या वेळी मुंबईचा डॉक्टर आणू. आम्ही फाट्यापर्यंत चालत निघालो. वस्तीपाशी गयाबाईंनी थांबवून मिलोच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. विहिरीच्या तोंडावर बायकांनी बाभळीच्या काट्या रचल्या होत्या, गुरंही तोंड घालू नयेत अशा. टँकर आला होता आणि घागरींची रांग लागली होती.

"डाक्टर, तुमचं काम गेलं का वो आमच्यापायी?" गयाबाईंनी विचारलं.

"गेलं बहुतेक," मोघे म्हणाले.

"मंग भाकरी नीट खावा."

मोघ्यांनी खड्ड्यातला गाळ काचेच्या बरणीत भरून, आपल्या टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर घेतला होता. एस. टी. खच्चून भरलेली. आम्ही दांड्याला लोंबकळत उभे. झाकण घट्ट नव्हतं. एका फेटेवाल्या बाबांनी नाक आक्रसून विचारलं, "काय हाय त्यात?"

"जंतू," मोघे प्रामाणिकपणे म्हणाले.

पुढच्या फाट्याच्या आत आम्हाला अख्खा बाक मिळाला.

आम्ही गयाबाईंचं फडकं सोडलं. माझ्याकडे टोमणे तयार होते, पण भाकरी कोरडी होती आणि ठेच्याने तोंड पेटलं होतं. घाटासारखं एक वळण गेलं तसे ते एकदम म्हणाले, "दुसरा खड्डा हवा. उथळ. उघडा. पहिल्यातलं पाणी त्यात घ्यायचं आणि भरपूर हवा खेळवायची. हवेत वाढणारे जंतू वेगळे असतात. ते या तुकड्यांवर जगू शकतील. खाऊन संपवतील."

"संपवतील?"

त्यांनी मांडीवरची बरणी जरा सरळ केली.

"कदाचित," ते म्हणाले.

पंधरा वर्षांत मोघ्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.